फोटोतली मिशी

दुबईहून परतलेला तो माणूस घराआधी आमच्या कॅम्प पाच वस्तीतल्या सलूनमध्ये शिरला. बॅगांना एवढी दोरी, की तिने शेजारचं अख्खं अंबरनाथ शहर बांधून नेता आलं असतं! ऐटीत म्हणाला, "सगळं साफ कर." मिशी उतरली आणि आरशात बघून तो पांढराफटक पडला.

"बायको पोटुशी असताना गेलो. पोरगी मला नाही हो, भिंतीवरच्या फोटोतल्या मिशीला ओळखते!"

"पेन्सिलने काढून देऊ, शेठ?" सलूनवाला म्हणाला.

नसत्या चौकशा हा माझा जन्मजात रोग. माझा दाढीचा नंबर सोडून, त्याची एक बॅग उचलून मी त्याच्या दारापर्यंत गेलो. चिमुरडीने त्याला खालून वर तपासलं. "मिशी कुठंय?"

तो गुडघ्यांवर बसला. "उगवेल. आता इथंच आहे मी, रोज बघ."

तिने त्याच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं आणि लगेच वाट बघायला लागली.