घरामागचं जुनं झाड

विन्सेस नदीच्या आमच्या काठावर कोकोची छाटणी म्हणजे सिल्वेरिओ बाहान्या. त्याचा हात फिरला की फांद्यांतून ऊन खाली सांडायचं. रोज सकाळी तो कोयत्याला धार लावायचा, घरामागच्या जुन्या झाडावर एक घाव घालून ती पारखायचा, मगच बाहेर पडायचा.

पुढे एकेक बाग वाळू लागली. पानं तपकिरी होत, पण गळत नसत. फांदीलाच लटकून राहत. आमच्याकडे याला कोयत्याचा रोगच म्हणतात. नाव सगळ्यांच्या तोंडी. पण सिल्वेरिओ म्हणायचा, "कोयता कसला? किडा नेतो." त्याच्यासमोर कोण बोलणार?

शेवटी त्याच्या लहानपणच्या सोबत्याची, निकानोरची बाग तेवढी हिरवी उरली. सिल्वेरिओची पुतणी देल्फा शहरातल्या प्रयोगशाळेत होती. साऱ्या बागांतून आणि घरामागच्या झाडातूनही तिनं तपासायला खोडाच्या चकत्या नेल्या होत्या. "मी येईपर्यंत छाटणी नको, काका," असा तिचा निरोप होता.

निकानोरला धीर नव्हता. "पोरीला भितोस होय रे, म्हाताऱ्या? की हात थरथरतो आता?"

हे सिल्वेरिओला लागलं. नेहमीसारखी धार पारखून तो निकानोरच्या बागेत छाटणीला गेला.

संध्याकाळी देल्फा आली. "काका, या रोगाच्या बुरशीची जनुकं वाचली आम्ही. ती स्वतःची नक्कल करत वाढते. नकलेत मधूनच एखादं अक्षर चुकतं, ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. त्या चुका धरून मागं गेलं की मूळ सापडतं."

"मग?"

"मूळ घरामागच्या झाडात आहे."

"ते जिवंत आहे अजून!"

"जिवंत आहे, म्हणूनच रोग इतकी वर्षं त्यात टिकला. किडा एका बागेतून शेजारच्या बागेत जाईल. पण प्रत्येक बागेत रोग स्वतंत्रपणे, थेट याच झाडातून गेलाय. नदीपलीकडेसुद्धा. इथून रोज कोण जात होतं, काका?"

सिल्वेरिओ भिंतीला टेकवलेल्या कोयत्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. निकानोर टोपलीभर संत्री घेऊन आला होता. "काय हात आहे लेका तुझा! बाग कशी उजळलीय!"

सिल्वेरिओ दारात आडवा उभा राहिला. "आधी ऐक," म्हणाला, आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

निकानोरनं टोपली खाली ठेवली. "किती झाडांना लावलास कोयता?"

"सगळ्यांना. एकही सोडू नको, तूच म्हणालास."

पावसाच्या आधीच निकानोरच्या बागेत पानं लटकली. सिल्वेरिओ पुढं बरीच वर्षं जगला. केळीचा घडसुद्धा तो दुसऱ्याकडून कापून घ्यायचा. संत्र्यांची ती टोपली मात्र परत न्यायला कुणी आलं नाही.