इंजिनावरची छत्री

अजमानला पाऊस आला की आम्ही ऑफिसवाले घर गाठतो आणि इथले अरब मुद्दाम गाडी काढून फिरायला निघतात. एकदा सिग्नलला शेजारी एक जुनी लाल गाडी थांबली. तिला ना छत, ना बॉनेट. उघड्या इंजिनावर थेंब चरचरत होते. चालवणाऱ्या पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी उभं राहून छत्री उघडली आणि पुढे वाकून चक्क इंजिनावर धरली! स्वतःचा कंदुरा, तो अरबी पायघोळ झगा, मात्र निथळत होता.

मी काच खाली करून ओरडलो, "अंकल, आप भीग रहे हो!"

"मैं तो भीगने ही निकला, हबीबी," ते हसले आणि इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडाकडे बोट दाखवत म्हणाले, "पानी इसका नाक में नहीं जाना."

सिग्नल सुटला. छत्री मिटली, इंजिन गरजलं, आजोबा पाणी उडवत दिसेनासे झाले. माझी बाही चिंब झाली, तरी काच वर करावीशी वाटेना.