न काढलेली भिंत

भिंत काढायची मी विसरलो. चूक एवढीच.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि तेव्हा सात वर्षांपासून अमरावतीला पीएच.डी. करत होतो. विषय असा, की किड्यांच्या एका जातीच्या दोन जाती कशा होतात, ते कॉम्प्युटरवर घडवून पाहायचं. प्रत्येक किडा म्हणजे आकड्यांची एक माळ. आई-बापाचे आकडे मिसळून पिल्लू होतं, मिसळताना थोडी गफलत होते, आणि ज्याला खाणं नीट जमतं त्याची पिल्लं जास्त. पडद्यावर एक शेत, मधोमध भिंत. एका बाजूला कपाशी, तिचं नाव अमरावती. दुसरीकडे तूर, ती अकोला. भिंत म्हणजे अंदाजे दोन्हींच्या मधलं मूर्तिजापूर. हजारो पिढ्या गेल्या की भिंत काढायची. किडे एकमेकांत मिसळले तर जात एकच. तोंड फिरवलं तर दोन झाल्या.

मुदतवाढ शेवटची होती. निकाल आला नाही तर नोंदणी रद्द. आणि आला की! भिंत काढल्यावरही एकसुद्धा जोडी जमली नाही. मी मार्गदर्शक मॅडमना फोन केला, त्यांनी सादरीकरण ठरवलं, आणि त्या दिवशी सकाळी जठारपेठेतून किलोभर पेढे घेऊन मी एसटीत बसलो.

वाटेत मूर्तिजापूरला सासर. जावई चहा न घेता पुढे गेला तर वर्षभर ऐकावं लागतं, म्हणून उतरलो. मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, उभी हयात कपाशीत गेली. त्यांच्यापुढे लॅपटॉप उघडला. कौतुक हवं होतं, दुसरं काय.

“भित काढली म्हन्ता?”

“काढली. दिसते का कुठं?”

“दिसत तं नाही. पण हे किडे मंधात येऊन वापस काहून फिरून राहिले?”

“त्यांची एकमेकांना पसंती नाही, मामाजी.”

“जवाई, पसंती नाही हे पोरगी पाह्यल्यावर सांगतेत. हे तं पोहे खायलेबी गेले नाहीत.”

मी हसलो. चहा संपेपर्यंत हसत होतो. मग प्रोग्राम उघडला. भिंत मी चित्रातून पुसली होती. आकडेमोडीत ती उभीच होती. किडे बिचारे न दिसणाऱ्या भिंतीवर डोकं आपटून परत जात होते, आणि मी त्याला नवी जात म्हणत होतो.

ती ओळ खोडली, पुन्हा चालवलं. दुसरा चहा यायच्या आत अमरावती-अकोल्याच्या सोयरिकी जुळल्या. पिल्लंही झाली, चांगली धडधाकट.

मामाजींनी पेढ्यांचा पुडा ओढला. “झालं ना लगन. मंग खाऊ का?”

उरलेले पेढे घेऊन अमरावतीला गेलो. गप्प बसावं असं वाटेत दोनदा वाटलं. पण मामाजींना दिसलं ते समितीला दिसणारच, म्हणून प्रामाणिक झालो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, सादरीकरणाच्या अर्जावर ‘निकाल नाही’ लिहिलं आणि सादरीकरण रद्द केलं. विभागात त्या नेहमी अगदी पुस्तकी मराठी बोलतात. त्या दिवशी नाही बोलल्या.

“सासऱ्याले पाठवा मायाकडं पीएच.डी.ले. तुमी जाऊन कापूस येचा.”