बोळ्यानं पाजलेलं दूध

"आता घरी न्या त्यांना, घरच्यांत राहू द्या," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मायला वाटलं, दादा बरे झाले. तिनं लगबगीनं त्यांचा सदरा घडी घालून पिशवीत भरला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला "येतो बरं का" म्हणून सांगितलं. मी जिन्याखाली जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं आणि रिक्षा बोलावली. दादा म्हणजे माझे वडील. पोटातला कॅन्सर पार लिव्हरपर्यंत गेलेला. रिक्षात माय पुढं ड्रायव्हरला रस्ता सांगण्यात गुंतली तशी दादा हळूच मला म्हणाले, "तिला आज सांगू नगं. आज लई खुशीत हाय."

असा माणूस! स्वतःच्या मरणाची बातमीसुद्धा बायकोची खुशी बघून पुढं ढकलणारा. पाचोडकडचे आम्ही, मेंढरं वळणाऱ्या घरातले. वाळूजला कारखाने उभे राहायला लागले तशी दादांनी काठी धाकट्या भावाच्या हातात दिली आणि पत्रा कापायच्या मशीनवर लागले. छावणीमागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. शिफ्टच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी किसनकाका बसायचे, गावाकडच्याच बौद्धवाड्यातले. ते नामांतराचे तापलेले दिवस. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झालेली आणि किसनकाका तर मोर्चात पुढं. पाव्हणे दादांना म्हणाले, "जागा बदल की रे." दादा म्हणाले, "खिडकीकडची रोज तोच माझ्यासाठी धरतो, मी कुठं जाऊ?" मायनंही तेव्हा किसनकाकांचा कप वेगळा ठेवला होता. दादा भांडले नाहीत. उठले आणि त्याच कपातनं स्वतः चहा प्यायला लागले. थोड्या दिवसांत कोणता कप कुणाचा तेच कळेनासं झालं, आणि मायनंही मग तो नाद सोडला.

मायला मी दोन दिवसांनी सांगितलं. घरी आणल्यावर रेखा सिस्टर यायला लागल्या. बरं न होणाऱ्या पेशंटांकडं घरी जाऊन बघणाऱ्या एका संस्थेच्या त्या. दुखणं थांबायचं औषध कसं मोजायचं, कूस कशी बदलायची, पाठीच्या जखमा कशा पुसायच्या, सगळं त्यांनी मला शिकवलं. खरं सांगते, त्या नसत्या तर मी वेडी झाले असते. त्या आल्या की दादांच्या कपाळावरची आठी जायची. पण मायचं आणि त्यांचं एका गोष्टीवरून जमेना. दादांनी खाणं सोडलं होतं, आणि सिस्टर म्हणाल्या, "मावशी, शरीरच आता नको म्हणतंय. बळजबरी करू नका. ओठ ओले करत राहा, बास."

"म्हंजी उपाशी ठिवायचं?" माय कडाडली. "भाकरी खाल्ल्याबिगर कधी शिफ्टला जाऊ दिलं नाय त्यांना. आन् आता एवढ्या लांब जायचंय, तर उपाशी धाडू व्हय?"

सिस्टरनी कापूस भिजवला आणि दादांचे ओठ ओले केले.

त्या दुपारी मी औषध आणायला गेले होते. किसनकाकांनी घरच्या शेळीचं दूध आणलेलं. माझ्या आजोळी, म्हणजे मायच्या माहेरी, मेंढी मेली आणि पिल्लू मागं राहिलं की त्याला मांडीवर घेऊन बोळ्यानं दूध पाजायचे. फडक्याचा बोळा दुधात बुडवायचा, तोंडात धरायचा, हळूहळू पिळायचा. माय पोरगी होती तेव्हा तिनं कितीतरी कोकरं अशी जगवलेली. तिनं धुतलेलं फडकं घेतलं, दादांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोळा पिळला... मी उंबऱ्यात आले तर दादा काळेनिळे पडलेले, किसनकाका त्यांची पाठ चोळताहेत आणि माय हातात फडकं घेऊन नुसती बघतेय.

सिस्टर फोनवर सांगत गेल्या तसं मी दादांना कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं. श्वास आला. माय मोरीत जाऊन बसली होती. तेवढ्यात दादांनी डोळे न उघडताच जीभ ओठांवरून फिरवली आणि म्हणाले, "गोड हाय."

मग छाती घरघरायला लागली ती थांबली नाही. सिस्टर आल्या, औषध वाढवलं, त्रास होऊ दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा गेले.

रडायला आलेल्या बायांना माय एकच सांगत होती, "म्या मारलं त्यांला. माझ्या हातानं मारलं." दिवसकार्य झाल्यावर सिस्टर मुद्दाम भेटायला आल्या. तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मावशी, छाती आधीपासनंच भरत होती. जायची वेळ झालीच होती त्यांची." मायनं मान हलवली, पण ती मान हलवणं काय असतं ते मला कळतं. मी तिला दादांचं शेवटचं बोलणं सांगितलं. म्हणाली, "माझी समजूत काढतीस." मी चिडलेच, "अगं, किसनकाकांना विचार की!" काकांनी डोळे पुसत सांगितलं, "व्हय वैनी, म्हणला तो. गोड हाय म्हणला." तर त्यांनाही म्हणाली, "तुमी दोघंबी सारखेच." कशी पटवू तिला? दादा असते तर एका वाक्यात पटवलं असतं. आणि तेच नाहीत.

दीड महिना होत आला. किसनकाका अजून दूध आणतात, कुणी नको म्हणत नाही. माय ते तापवते, स्वतः थेंबभर घेत नाही. मी कामावरून आले की मला दादांच्या खाटेवर बसवते, पाठीशी उशी लावते आणि पेला हातात देते. "नीट बस. आडवी हू नगं. हळू पी गं माय... एकेक घोट." मग समोर बसून माझ्या गळ्याकडं बघत राहते, प्रत्येक घोट खाली उतरेपर्यंत. तिच्यापुढं ठसका लागून चालत नाही. मी पिते.