वाकळीवरची समोरची जागा

मी शिंपी. शिरड शहापुरात माझ्याएवढा झपाट्याचा हात दुसरा नव्हता, हे मीच सांगतो. दुसरे सांगणारे केव्हाच गेले. सकाळी कापड द्या आणि दिवेलागणीच्या आत बंडी अंगात घालून जा, असा माझा खाक्या. लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील, निजामाचं राज्य चांगलं भक्कम होतं, तेव्हा मी हिंगोलीहून पायाचं मशीन आणलं. बैलगाडीत कडबा अंथरून, वर गोणपाट झाकून, नवरी आणावी तसं आणलं. ओसरीवर मांडलं तर बघायला अर्धं गाव लोटलं. बाप्ये लोक चाक फिरवून बघत होते आणि मी 'हात नका लावू, हात नका लावू' म्हणून ओरडत होतो.

गल्लीतल्या बायाही आल्या. तोंडाला पदर लावून बघितलं, 'आत्ता गं बया!' म्हणाल्या, आणि काखेतली जुन्या लुगड्यांची गाठोडी घेऊन माझ्या समोरून सरळ मागच्या अंगणात गेल्या. तिथं माझी बायको वाकळ शिवत बसली होती. जरा वेळानं मागून हसण्याचा असा कल्लोळ उठला, की ओसरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. मशीन माझं नवं कोरं आणि लोकांचे कान अंगणाकडं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ज्यांनी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवताना बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, कडेनं सुरुवात करायची आणि धावदोऱ्याचे फेरे घालत घालत मधे यायचं. मोठी वाकळ एकटीच्यानं होत नाही. दोघी लागतात, एक या कडेला, एक त्या कडेला, वाकळीवरच मांडी घालून, तोंडं समोरासमोर. दोघींचा टाका सारखा पडला पाहिजे, नाहीतर वाकळ एका अंगाला ओढते. म्हणून समोर कुणाला बसवायचं हे बाया पारखून ठरवायच्या. माझ्या बायकोच्या समोर शेजारची म्हातारी बसायची. बाकीच्या भोवतीनं बसून सुया ओवून द्यायच्या आणि गप्पा हाणायच्या.

बायकोच्या टाक्याचा मला हेवा होताच. ज्वारीचे दाणे मांडून ठेवावेत तसा तिचा टाका. पण त्याच्यापेक्षा जास्त मी जळायचो ते तिच्या हसण्यावर. माझ्यापुढं तिचं तोंड उघडायचं ते 'व्हय' आणि 'न्हाई' एवढ्यापुरतं. मी शिवलेल्या कपड्यांची काजं, बटणं, तुरपाई सगळी तीच करायची, पण मुकाट्यानं. मी तरी काय बोलायचो? 'ते बटन लाव', 'तो दोरा दे', एवढंच. आणि तीच बाई वाकळीवर बसली की तासन्‌तास बोलायची, हसता हसता डोळे पुसायची. त्या म्हातारीला ती असं काय सांगायची, जे मला सांगता येत नव्हतं? मला त्या म्हातारीची जागा पाहिजे होती. पण मी नावाजलेला शिंपी, मिशीवाला बाप्या. 'मला समोर बसव' असं बायकोला कोणत्या तोंडानं म्हणू?

मग मी तिरकं बोलायचो. अंगणात डोकावून म्हणायचो, "अजून हीच वाकळ? बैल म्हातारा होईल तुमची वाकळ होईस्तोवर."

बायको मान खाली घालायची. म्हातारी मात्र सोडायची नाही. "काहून येऊन राहिला रे सारखा? तुला हितं काय सापडत न्हाई?"

"कात्री सापडून न्हाई राहिली."

"गळ्यात काय लटकवलंय मग ते?"

कात्री गळ्यातच असायची. सगळ्या खो खो हसायच्या, आणि बायकोही पदराआड हसायची. ते तर मला मिरचीसारखं झोंबायचं.

एकदा मी फार वाईट केलं. सगळ्या बाया शेतात हरभरा सोंगायला गेल्या होत्या, वाकळ अंगणात तशीच घडी घालून ठेवलेली. मी म्हातारीच्या बाजूचे दोन फेरे हातभर उसवले. दोरा ओढून चुलीत घातला. मला वाटलं, म्हातारीचा हात गेला म्हणतील आणि ती उठेल तिथून. दुसऱ्या दिवशी वाकळ उलगडली तेव्हा मी ओसरीवर मशीन थांबवून कान लावून बसलो होतो. म्हातारीनं उसवलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "डोळे गेले बाई माझे. टाके सुटून राहिले." बायकोनं एकदा ओसरीकडं बघितलं आणि पुन्हा शिवायला घेतलं. पुढं आठ दिवस मला 'व्हय' आणि 'न्हाई' सुद्धा मिळालं नाही.

दहा-बारा वर्षं गेली तरी म्हातारी काही उठली नाही. मग मी ठरवलं की या दोघींना मशीननंच हरवायचं. आमच्या एकुलत्या पोरीचं लग्न पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात ठरलं होतं. बायकोनं लग्नासाठी महिनाभर आधी वाकळ घातली, म्हणजे अंथरून शिवायला घेतली. मी म्हणालो, "तुझी राहू दे. मी दीड दिवसात करून देतो."

म्हातारी म्हणाली, "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!"

पण मी केली. तीन सुया मोडल्या, पण दीड दिवसात केली. फूटपट्टीनं मारल्यासारख्या सरळ रेघा! रुखवतात सगळ्यांत वर मीच नेऊन ठेवली आणि येईल त्याला दाखवत राहिलो. बायको लांबून बघत होती. मला वाटलं, आता तरी काही म्हणेल, पण पाहुण्यांना पाणी द्यायला निघून गेली.

दिवाळीला पोरगी आली ती माझी वाकळ गाठोड्यात बांधूनच. पहिल्याच धुण्यात फाटली होती, बरोबर टाक्याच्या रेघेवर, एकेक पट्टी सुटी. जुनं विरलेलं कापड, त्यावर मशीनचा बारीक घट्ट टाका. सुईनं भोकं पाडून ठेवली होती नुसती. शिंपी असून मला हे कळू नये! पोरगी हळूच म्हणाली, "आबा, सासू म्हणल्या, ही वाकळ हाय का शेवया?" बायकोनं त्या पट्ट्या उचलल्या, दुसऱ्या वाकळीच्या पोटात घातल्या आणि वरून लुगडं टाकलं. टोमणा मारला असता तरी मला बरं वाटलं असतं.

पुढं आमच्या मुलखात लुटालूट, जाळपोळीची ती गडबड सुरू झाली. गावंच्या गावं रिकामी होऊ लागली, जो तो नदी ओलांडून वऱ्हाडात चालला. आम्हीही पोरीच्या गावी जायचं ठरवलं. मशीन नेता येईना. एका शेतकऱ्याच्या धान्याच्या बळदात, ज्वारीखाली, ते पोत्यात गुंडाळून पुरलं. मी तिथंच बसकण मारली. बायकोनं दंडाला धरून उठवलं.

पोरीच्या घरी कुणी वाईट वागलं नाही, पण मला कामच नव्हतं. पाय सवयीनं हलत राहायचे. जावई बघायचा आणि हसू दाबायचा. पोरीला दिवस गेले होते, म्हणून बायकोनं मोठी वाकळ घातली. गल्ली परकी, गाव परकं, समोर बसायला कुणी नाही. एकटीच या कडेवरून त्या कडेला सरकत शिवायची. तीन-चार दिवस मी बघितलं. ती एकदाही हसली नाही. आश्चर्य असं, की इतकी वर्षं त्या हसण्यावर जळलो, पण ते बंद झालेलं मला बघवेना.

एका दुपारी तिनं वर न बघताच म्हटलं, "दोन हात रिकामेच हायेत. बसा की समोर."

मी इकडं तिकडं बघितलं, जावई नाही असं बघून बसलो. बोटात अंगुस्तान घातलं आणि झपाझप सुरू केलं. एका दमात आठ-दहा टाके सुईवर घ्यायचे आणि ओढायचे. घटकाभरात माझ्या बाजूला कापडाच्या अशा चुण्या पडल्या, की बघायची सोय नाही.

"सारखं मधी काय बघून राहिले?" ती म्हणाली. "मधलं कुठं पळून चाललं न्हाई. हातातला टाका बघा."

मी उसवायला कात्री घेतली. तिनं ती काढून घेतली. "राहू द्या. आज तुमचा हात असा हाय. उद्या येगळा पडंल."

दुसऱ्या दिवशी वेगळा पडला, पण चांगला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दाखवलं की तीनच टाके घ्यायचे, दोरा ओढायचा आणि डावा तळहात कापडावरून फिरवायचा. बस्स, एवढंच. मला वाटलं, यात काय शिकायचं! पण आठवडाभरानं खालच्या थरात दुमडलेली चुणी माझ्या हाताला कळू लागली. धोतर कुठं, लुगडं कुठं, न बघता सांगता येऊ लागलं. त्याचा मला इतका आनंद व्हायचा, की किती फेरे राहिले हे बघायचंच विसरलो. पोरगी म्हणायची, "आबा, भाकर गार व्हायली." मी म्हणायचो, "एवढा दोरा संपू दे." आणि दोरा मुद्दाम लांब घ्यायचो.

आणि बायको बोलू लागली. आधी दोऱ्याबद्दल, मग म्हशीबद्दल, मग तिच्या माहेराबद्दल. तिच्या गावी, डोंगरकड्याला, लहानपणी विहिरीवरच्या चिंचेवरून पडली होती म्हणे. कोपराचा वण दाखवला. तो वण वीस वर्षं मी बघत होतो, पण कधी विचारलं नव्हतं.

एक दिवस मी धीर करून विचारलं, "म्हातारीसंगं एवढं काय हसायचीस?"

"तुमालाच."

"मला?"

"सुई ओवताना तुमी जीभ भाईर काढता. ती तसं करून दाखवायची."

मला राग आला. सुई ओवायला घेतली तर जीभ खरंच बाहेर! मग मलाच हसू फुटलं, आणि ती तर आडवीच झाली. हसता हसताच मी सांगून टाकलं, "ते टाके मी उसवले होते."

"ठाव हाय."

"कसं?"

"शिंप्यानं उसवलेलं लपतंय व्हय? म्हातारीनं भी वळखलं होतं. माझ्याकडं बघितलं अन् डोळे गेले म्हणली."

माझं हसू जागच्या जागी गेलं. जिच्यावर मी जळत होतो, तिनं चारचौघींत माझी अब्रू राखली होती. त्या दिवशी माझ्याच्यानं पुढं टाका पडला नाही.

पोरीची वाकळ झाली. दुसरी घातली ती अर्धी व्हायच्या आत निजामाचं राज्य गेल्याची बातमी आली आणि आम्ही घरी परतलो. मशीन बळदातून काढलं, तेलपाणी केलं, ओसरीवर मांडलं. उरलेली वाकळ आम्ही दुपारची कवाडं लावून पुरी केली. मग एक दिवस गल्लीतल्या बाया पुन्हा गाठोडी घेऊन अंगणात जमल्या. मी मशीनवर होतो, पण कान मागं. खोटं कशाला बोलू, पुन्हा तेच जळणं सुरू झालं. आता म्हातारी समोर बसणार आणि मी पुन्हा कात्री शोधत हिंडणार!

म्हातारीनं ती नवी वाकळ उलगडली. दोन्ही अंगांवरून हात फिरवला. "ह्या अंगाचा हात कोणाचा गं? तुझा न्हाई हा. पण चांगला हाय."

माझा पाय मशीनवर थांबला. आता नाव निघणार. सगळ्या गल्लीपुढं!

बायको म्हणाली, "माझाच हाय की."

"तुझा?"

"माझाच म्हणते ना. घरच्या परीस तिथलं येगळं. हात बदलतो माणसाचा."

चार महिने बोटं फोडून घेतली, त्याचं हे फळ! बाया गेल्याबरोबर मी अंगणात गेलो. आवाज चढलाच माझा. "काहून खोटं बोललीस? माझं नाव घेतलं असतं तर तोंड वाईट झालं असतं का?"

ती वाकळीची घडी घालत होती. वर बघितलं नाही. "नाव घेतलं असतं तर उद्या समद्यांनी तुमाला बलावलं असतं. म्हातारी तर आल्यापासून म्हणून राहिली, नातीच्या वाकळीला समोर बसायला एक चांगला हात पायजे म्हणून."

"मग गेलो असतो! काय बिघडलं असतं?"

"गेले असते!" आता तिनं वर बघितलं. डोळे असे लाल. "जावा ना मग. बसा तिच्यासमोर. माझ्यासमोर आता हाय कोण दुसरं? म्हातारीला तर मी सांगून टाकलंय, की माझ्यासमोरची जागा सोड, तू आता नातीच्याच वाकळीवर बस म्हणून."

तेरा वर्षं मी एकटाच जळतो असं समजत होतो. माझ्यावरून कुणी जळावं, आणि तेही हिनं! इतका आनंद झाला की तो लपवता येईना.

"दात काहून काढून राहिले?" ती म्हणाली. "कवाड लावा अन् बसा."