उत्तरासाठी सोडलेली जागा

सोमवार, १६ जून. विद्यापीठाच्या नव्या ई-लर्निंग प्रणालीवर जुनी व्याख्यानं चढवायची होती. नवी प्रणाली शांतता आपोआप कापते. मूळ चित्रीकरणं मंगळवारी पुसायची, डिस्क रिकामी हवी. त्या दिवशी वाट्याला आली सांख्यिकी, म्हणजे ती शिकवणारे नाना. ते गेल्याचा त्यांच्या मुलीचा धुळ्याहून फोन आला, त्याला तीन आठवडे झाले होते. तेव्हाही मी फोन ठेवून हातातली फाईल पूर्ण केली होती.

निवृत्तीनंतर नाना एसटीने आमच्या जळगावच्या स्टुडिओत यायचे. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर त्यांना बोलताच येईना. मग व्हरांड्यातली लाकडी खुर्ची ओढत आणून त्यांनी कॅमेऱ्याखाली ठेवली. "ही यावलची पोरगी, घरी बसून बघणारी. आता शिकवतो." तेव्हापासून प्रश्न विचारला की ते त्या खुर्चीकडे बघत थांबायचे. वीस सेकंद, कधी चाळीस... मी काचेपलीकडून 'पुढे चला' म्हणून हात हलवायची.

"घाई कसानी शे, ताई? तिले इचार करू दे ना!"

"नाना, खुर्ची विचार करत नाही."

"तुनापेक्षा जास्ती करस!"

मी त्या जागा कापत राहिले, ते थांबत राहिले. शेवटच्या खेपेला जिना उतरताना म्हणाले, "ताई, एखादी तरी जागा राहू दे." मी "बघू" म्हटलं आणि विसरले.

सोमवारी एक मूळ चित्रीकरण लावलं. नाना विचारत होते, "केळीच्या घडांची सरासरी काढली. आता सगळ्यांत जड घड आला, तर सरासरीचं काय होईल?" आणि थांबले. आमचा स्टुडिओ म्हणजे जुना वर्ग, बाहेरचं सगळं आत येतं. पंख्याची घरघर, कुठेतरी घुमणारा होला, दूर मालगाडी... दुपार नुसती तरंगत होती आणि नाना चष्म्यावरून बघत होते. घाई नव्हतीच कुणाला. किती वेळ गेला, मी पाहिलं नाही.

"वाढेल," मी मोठ्याने म्हटलं.

पडद्यावर नानांनी मान हलवली. "हं... बरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी शांतता कापण्याचा पर्याय बंद केला आणि नानांची सगळी मूळ व्याख्यानं जशीच्या तशी चढवली. मग खुर्ची पुसून कॅमेऱ्याखाली ठेवली. दहा वाजता नव्या मॅडम चित्रीकरणाला आल्या.

"इथे कोण बसणार आहे?"

"यावलची पोरगी," मी म्हटलं. "करा सुरू."