टँकर भरेस्तोवर

गुरुलिंगअप्पांचा पहिलाच हुकूम मी साफ चुकीचा पाळला. परभणीच्या अग्निशमन केंद्रात मी नुकताच रुजू झालो होतो, मूळचा साताऱ्याकडचा. एका घरात सिलिंडर पेटला होता आणि भाजलेल्या म्हातारीला मी बाहेर आणलं होतं. परत आल्यावर टँकरवर चढून पाण्याचा पाइप धरून उभा होतो. खालून अप्पा म्हणाले, "खाली हो रं." मी पाइप सोडला आणि धाडकन उडी मारली. गुडघा फुटला. सगळे खो खो हसायला लागले.

"आरं येड्या, खाली उतर न्हाई म्हनलो. खाली हो म्हनलो. रिकामा हो!"

आता मला काय ठाऊक! इकडे निजामाच्या राज्यापासून 'खाली' म्हणजे रिकामंसुद्धा. पण टँकर रिकामा करतात, माणूस कसा रिकामा करायचा? ते मला अप्पांनी शिकवलं.

अप्पा आमच्या पाळीचे प्रमुख. ठेंगणे, जाडजूड, खाकी शर्टाच्या आत गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. आगीवरून परतले की आधी तोंड धुवायचे आणि घामानं पुसलेली विभूती पुन्हा लावायचे. केंद्रात कुणीही येवो, त्याच्या हातात पाण्याचा तांब्या. "आदी पानी प्या, मंग काय ते बोला." एकदा एक जण गाडी उशिरा आली म्हणून शिव्या देत आला. त्यालाही तांब्याच दिला. पिऊन होईस्तोवर गड्याचा निम्मा राग उतरला होता.

वाईट कामावरून आलो की टँकर भरायला लावायचा आणि सगळ्यांनी लिंबाखालच्या कट्ट्यावर बसायचं, हा अप्पांचा नेम. "टँकर भरंस्तोवर मानसं खाली झाली पायजेत," असं ते म्हणायचे. मग एकेकाकडे वळून विचारायचे, "काय दिसायलंय?" काय झालं, कुणाचं चुकलं, हे विचारायचे नाहीत. डोळ्यांपुढून जे हलत नाही, तेवढं सांगायचं. मध्येच कुणी "तू असं करायचं होतंस" म्हणालाच, तर अप्पा उखडायचे. "ए शहाण्या, अक्कल घरी ठिवून ये. हितं नुसते कान घिऊन बस."

मला हे सगळं थोतांड वाटायचं. गडी माणसांनी कट्ट्यावर बसून रडगाणं गायचं, ही काय पद्धत झाली? माझी पाळी आली की मी म्हणायचो, "काही नाही." अप्पा मान हलवून पुढच्याकडे वळायचे.

मग झरीच्या शिवारातली ती विहीर आली. तीन वर्षांची पोर पडली होती. दोरावरून मीच उतरलो, मीच तिला काढलं, पण जीव आधीच गेला होता. तिच्या पायांत ते चालताना वाजणारे बूट होते. वर देताना माझी मूठ बुटावर आवळली आणि तो एकदा वाजला, पिक्. कट्ट्यावर मी पुन्हा म्हणालो, "काही नाही."

माझ्या घरी तेवढ्याच वयाची लेक होती आणि तसलेच बूट होते. मी ते माळ्यावर टाकले आणि हरवले म्हणून सांगितलं. पोर बुटांसाठी रडून रडून हैराण. तिला उचलून घ्यायचं मी टाळायचो. ती झोपेपर्यंत मी गल्लीतच घुटमळायचो. बायको बोलून थकली. शेवटी मी अप्पांना सांगून टाकलं, नोकरी सोडतो, गावाकडं जातो.

अप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. टँकर भरायला लावला होता, त्याचा व्हॉल्व्ह त्यांनी पार बारीक केला. धार करंगळीएवढी झाली.

"भरू दे सावकास. आज मला कायबी घाई न्हाई. काय दिसायलंय?"

"दिसत नाही, अप्पा. ऐकू येतंय."

आणि मी सांगितलं. लहान पोरासारखा हमसून रडलो. अप्पा माझ्या मानेवर हात ठेवून नुसते बसून राहिले. टँकर निम्मासुद्धा भरला नसेल तेव्हा म्हणाले, "बूट काढ माळ्यावरून. तुला तरास हुईल तवा हितं ये. पर लेकराचं चालनं बंद करू नको."

त्यानंतर कितीतरी दिवस ते मला भेटल्याबरोबर विचारायचे, "वाजले का बूट?" आणि मी म्हणायचो, "वाजले." आधी दात आवळून म्हणायचो, मग हसून. नोकरी सुटली नाही. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू?

पण एक गोष्ट मला हळूहळू दिसायला लागली. अप्पा सगळ्यांत शेवटी बसायचे. त्यांची पाळी येईस्तोवर टँकर भरून जायचा आणि "उठा, पानी वाया चाललं" म्हणत तेच लगबगीनं व्हॉल्व्हकडे धावायचे. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आता ते निवृत्त होऊन गावी, चुडाव्याला जाणार होते. मनात असेल ते तसंच घेऊन?

त्यांच्या शेवटच्या दिवशी कुठंतरी कडब्याची गंजी पेटली होती. किरकोळ काम. परतलो, टँकर लावला, कट्ट्यावर बसलो. कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतं. टँकर भरत आला आणि अप्पा नेहमीसारखे उठले. मी त्यांचा हात धरला.

"बसा, अप्पा."

"आरं, पानी!"

"जाऊ द्या वाया. काय दिसायलंय?"

हात सोडवायला त्यांनी एक हिसका दिला. मग बसले. खिशातली विभूतीची पुडी काढून बोटांत फिरवू लागले.

"कापसाच्या जिनिंगचं शटर," ते म्हणाले. "लय जुनी गोष्ट हाय. आत राखनदार हुता. शटर लालभडक तापलेलं, उघडंना. आमी तोडायलोय, अन् तो आतून म्हनायलाय, पानी द्या हो, घोटभर पानी द्या. टँकरभर पानी हुतं माझ्यापाशी. त्याला घोटभर देता आलं न्हाई. अजून मागायलाय."

मी तांब्या भरून आणला. "आदी पानी प्या, अप्पा."

दोन्ही हातांनी धरून ते प्यायले. भर उन्हाळ्यात, परभणीसारख्या गावात, टँकर उतू चालला होता. पाणी आमच्या पायांपर्यंत आलं. बंद करायला कुणी उठलं नाही.